मुलांना समुद्रावर न्या, पण द्वादशीला

पत्र

सर, मी कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीला प्राण्यांचं वर्गीकरण आहे. रंध्रीय, निडारिया, कंटकचर्मी ही नावं मी फळ्यावर लिहिते आणि मुलं ती पाठ करतात. यातला एकही प्राणी जिवंत पाहिलेला नाही अशी वर्गातली बहुतेक मुलं आहेत. म्हणून नववीतच त्यांना एकदा समुद्रावर न्यावं असं मनात आहे. दोन तुकड्या मिळून ६४ मुलं-मुली आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, "समुद्र सोडून कुठंही न्या, मला मुरूड विसरता येत नाही." एका सहलवाल्याने मालवणचं दोन दिवसांचं 'सागरी जीवशास्त्र पॅकेज' सुचवलंय. त्यात स्कूबा, डॉल्फिन आणि हात घालायला प्राण्यांची टाकी आहे. आमच्या प्रयोगशाळेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, जाताय तर चार बरण्या फॉर्मॅलीन घेऊन जा, नमुने आणा. मला कळत नाही, न्यावं का? आणि नेलं तर मुलांना हात लावू द्यावा का?

— एक विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार बाई,

न्या. मालवणचं पॅकेज मात्र घेऊ नका, बरण्या शाळेतच राहू द्या आणि ६४ जणांना एका दिवशी नेऊ नका.

आधी मुख्याध्यापकांबद्दल, कारण त्यांची भीती खोटी नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कॉलेजातली मुलं होती, तुमच्या नववीपेक्षा मोठी. तेव्हा त्यांना "सर, काही होत नाही" असं म्हणू नका. आपण नेमके कुठे उभे राहणार, पाणी कुठपर्यंत येऊ देणार आणि किती वाजता पाठ फिरवणार, हे एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. पुळणीवर पाण्यात उतरणं वेगळं आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या सपाट खडकावर डबकी बघत फिरणं वेगळं. पहिलं तुमच्या सहलीत अजिबात नसेल, अगदी "पाचच मिनिटं पाय भिजवू" एवढंही नाही. दुसऱ्यातही घोट्याच्या वर पाणी नको. मात्र खडक म्हणजे बिनधोक असंही त्यांना सांगू नका. खडकाला शेवाळ असतं, कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, आणि समोरच्या डबक्यात तुम्ही रमलेल्या असताना मागच्या घळीत पाणी गुपचूप भरतं. माझ्या मते तिन्हीत हा शेवटचा धोका सर्वांत वाईट, कारण तो दिसत नाही. आणि तोच हिशेबाने शंभर टक्के टाळता येतो.

तो हिशेब कोकणात जुना आहे: तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी, आमच्या भाषेत सुकती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पाऊण तास हा त्या पन्नासाचा तोंडी हिशेबाला सोपा असा जवळचा आकडा. हे गणित तुमच्या मुलांना कोल्हापुरात बसून कालनिर्णयावर करायला द्या. सहलीचा निम्मा अभ्यास तिथेच होतो, आणि फुकट.

आता गंमत बघा. अष्टमीला सुकती सव्वाबाराला, म्हणजे कोल्हापूरहून निघून आरामात गाठता येईल अशी. पण ते भांगाचं पाणी. ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, खडक अर्धाच उघडा पडतो आणि बघण्यासारखं सगळं पाण्याखाली राहतं. उलट पौर्णिमेच्या उधाणाला खडक लांबवर मोकळा होतो, पण सुकती साडेपाचला. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. अंधारात, ओल्या खडकावर, बस लागून आलेली मुलं घेऊन तुम्ही उभ्या असाल, हे चित्र मला नको आहे. म्हणून द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ, नऊला भरती, सव्वातीनला सुकती. पाणी उधाणाकडे झुकलेलं असतं आणि ऊन अजून शिल्लक असतं. त्रयोदशीही चालेल, तेव्हा सुकती चारच्या सुमारास मिळेल.

तोंडी हिशेब मुलांचा. निर्णय मात्र छापील तक्त्यावर घ्यायचा. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरवार भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये पाण्याची उंची असते, तीही बघा. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यासुद्धा सारख्या खोल नसतात. आणि आदल्या दिवशी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राने उंच लाटांचा इशारा दिला असेल तर बसचे पैसे गेले समजा आणि घरी राहा.

खडकावर सुकतीच्या दीड तास आधी उतरायचं, म्हणजे पावणेदोनला. उतरत्या पाण्यामागे हळूहळू खाली जायचं आणि बरोबर सव्वातीनला, पाणी अगदी खाली असताना, जेव्हा सर्वांत छान दिसत असतं तेव्हाच, परत फिरायचं. मुलं कुरकुरतील. कारण आधीच शिकवून ठेवा. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से. म्हणजे सुरुवातीला "कुठं काय चढतंय" असं वाटतं आणि मग एकदम चढतं. फसणारी माणसं त्या पहिल्या तासाच्या भरवशावर फसतात.

आणि ६४ मुलांचं काय? इथे पंचांग तुमच्या बाजूने आहे. शुद्ध द्वादशीला एक तुकडी न्या, पंधरा दिवसांनी वद्य द्वादशीला दुसरी. सुकती पुन्हा साधारण त्याच वेळी. दोन्ही तुकड्यांनी एकाच खडकावर, एकाच पद्धतीने नोंदी केल्या तर पंधरा दिवसांत काय बदललं हा आयता प्रश्न हातात येतो. आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाने डबक्यात नव्हे, मुलांकडे बघायचं. शिवाय एकाने फक्त समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, गळ्यात शिट्टी. हे काम पालकांपैकी कोणाला देऊ नका. ते पाचव्या मिनिटाला फोटो काढायला लागतात, माझा अनुभव आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, हात लावू द्यावा का.

बाई, मी पहिल्यांदा मुलं नेली तेव्हा "हाताळून शिकणं" म्हणजे हातात घेणं असंच मला वाटायचं. सत्तरेक मुलं होती. प्रत्येकाला म्हटलं, पाच-पाच रिकामे शंख गोळा करा, वर्गात ओळखू. संध्याकाळी बस साखरप्याच्या पुढे गेली आणि मागच्या सीटवरून किंकाळी आली. पिशवीतले शंख चालायला लागले होते. रिकामे कसले, निम्म्यांत शंखात राहणारे खेकडे होते, आणि त्यांना माझ्या मुलांनी घरासकट उचलून घाटावर आणलं होतं. आंबा घाटात परत फिरणार कोण? दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटाला जो वास सुटला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. त्यानंतर खडकावरून रिकामा शंखसुद्धा उचलू दिलेला नाही. तो रिकामा शंख म्हणजे वाढत्या खेकड्याचं पुढचं घर असतं.

म्हणून माझी विभागणी अशी आहे: हात लावायचा तो बाजारातल्या माशाला, आणि तोही शाळेत. सहलीच्या आदल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मासळी बाजारातून दोन बांगडे, एक बोंबील, थोडी कोळंबी आणि एक माकूळ आणा. बांगड्याचं गालफड उचलून कल्ल्यांच्या आतल्या बाजूचे कंगव्यासारखे दात दाखवा, हा मासा पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो ते आपोआप कळतं. मग बोंबिलाचा जबडा उघडा. एवढा लुळा मासा, आणि तोंडात सुयांची रांग. माकुळाच्या पाठीतून निघणारी पारदर्शक पट्टी किंवा पांढरा चुनखडीचा तुकडा बघून "हा शिंपल्याचा चुलत भाऊ" हे पटतं, तसं फळ्यावर शंभरदा लिहूनही पटत नाही. इथे मनसोक्त हाताळू दे, कापू दे, हुंगू दे. ज्यांच्या घरी चालत नाही त्या मुलांवर जबरदस्ती करू नका. त्यांना चित्रं काढायचं आणि मोजमाप लिहायचं काम द्या. पालकांना आधी चिठ्ठी पाठवा, नाहीतर मुरूडपेक्षा मोठं वादळ बोंबिलावरून होईल.

खडकावर मात्र हात पाठीमागे. कोनासारखा निमुळता, नक्षीदार शंख दिसला की मुलांचा हात आधी तिकडेच जातो, आणि कोन जातीच्या गोगलगायी विषारी नांगी मारतात. समुद्रफूल हा प्राणीच, त्याच्या पाकळ्यांना डंख असतो. खडकावर हिरवट-तपकिरी बटणांच्या सतरंज्या पसरलेल्या दिसतील, ते झोअँथिड, समुद्रफुलाचे नातलग. त्यांच्या काही जातींत फार जालीम विष असतं, आणि कालवाने कापलेल्या बोटाने त्यांना चिवडणं तर नकोच. पाय झाकणारे, घट्ट तळव्याचे जुने बूट हवेत, चप्पल अजिबात नको. दगड उलटायचा असेल तर तो फक्त तुम्ही, एकदाच, हळू, आणि जसा होता तसाच परत ठेवायचा. दगडाच्या पोटाला चिकटलेले स्पंज आणि अंडी उन्हात राहिली तर तासाभरात संपतात.

फॉर्मॅलीनबद्दल तुमच्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा. आम्हीही त्याच बरण्यांवर शिकलो, तेव्हा निडारियाला आंतरदेहगुही म्हणायचो. पण त्यातलं फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे, ते चौदा वर्षांच्या मुलांच्या पिशवीत नको. आणि दुसरं म्हणजे, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा फक्त वाघासाठी नाही. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही शंखसुद्धा त्याच्या यादीत आहेत. पुळणीवर पडलेला प्रवाळाचा तुकडा "मेलेलाच तर आहे" म्हणून खिशात टाकणं हाही गुन्हा ठरू शकतो. मुलांना हे आधीच सांगा. कायद्याचं नाव ऐकलं की नववीची मुलं एकदम गंभीर होतात.

मग हातांना काम काय? एक दोरी आणि एक चौकट. वीस मीटर सुती दोरीला दर मीटरला गाठ मारा. प्लंबरकडच्या पीव्हीसी नळीचा अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकोन बनवा, आत दोऱ्याची जाळी विणून पंचवीस घरं करा. दोरी भरतीच्या खुणेपासून पाण्याच्या दिशेने ताणायची, ठरावीक गाठीवर चौकोन ठेवायचा आणि किती घरांत काय आहे ते पेन्सिलीने लिहायचं. (पेन नको, शाई फुटते.) वरच्या कोरड्या पट्ट्यात मिरीएवढ्या गोगलगायी दिसतील, त्याखाली बार्नॅकलचे (खडकाला कायमचे चिकटलेले, खेकड्याच्या नात्यातले बारके प्राणी) पांढरे टोकदार खवले, मग कालवं, मग समुद्रशैवाल आणि झोअँथिड. पाच-सहा चौकोन झाले की कोणीतरी विचारतंच, "सर, बार्नॅकल खाली का नाहीत? खाली तर पाणी जास्त वेळ असतं." तो प्रश्न आला की सहल वसूल. जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यावर बार्नॅकलच्या दोन जातींना विचारला आणि उत्तर १९६१ साली छापलं. वर चढायची हद्द कोरडेपणा ठरवतो, खाली उतरायची हद्द मात्र जोरकस शेजारी. त्याची साधनंही तुमच्यापेक्षा फार भारी नव्हती, बराचसा वेळ तो दगडांवरचे बार्नॅकल मोजतच बसला होता.

चौकोनाची सवय आधी शाळेच्या मैदानावर गवत मोजून करून घ्या. किनाऱ्यावर "घर म्हणजे कुठलं घर" हे समजावण्यात वीस मिनिटं गेली तर दीड तासातून काय उरलं? डबक्यात बघायला, प्लॅस्टिकच्या बरणीचा तळ कापून तिथे पारदर्शक प्लॅस्टिक रबराने ताणून बसवा. पाण्यावर टेकवली की चकाकी जाते आणि तळ स्वच्छ दिसतो. बार्नॅकल पाय बाहेर काढून पाणी झोडताना या बरणीतूनच दिसतात, आणि पाच मिनिटं शांत बसणाऱ्यालाच दिसतात.

जागेबद्दल. कोल्हापूरहून तुम्हाला रत्नागिरी सोयीची, साधारण चार तास. सकाळी साडेसहाला निघालात तर अकराच्या आत झाडगावच्या सागरी जीवशास्त्र केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय गाठता येईल, आधी फोन करून उघडं असल्याची खात्री करा. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मुलं आपोआप गप्प होतात. खडकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सदरात नाव आलं की पुढच्या रविवारी तिथे चार बस उभ्या राहतात, आणि गेल्या वर्षीचा सोपा खडक यंदा तसाच असेल असंही नाही. काय बघायचं ते सांगतो. खडक रुंद आणि सपाट हवा, लाट थेट अंगावर येणारी नको, वर यायला दोन वाटा हव्यात, रस्ता जवळ आणि मोबाइलला रेंज. स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर हवं, मुली आहेत, पाळीचे दिवस असतात, हे कोणी पुरुष मुख्याध्यापक यादीत लिहीत नाही. आणि मुलं नेण्याआधीच्या द्वादशीला, म्हणजे बरोबर पंधरा दिवस आधी, तुम्ही स्वतः जाऊन त्याच वेळी त्या खडकावर उभ्या राहा. ही फेरी चुकवणार असाल तर सहलही रद्द करा.

त्या फेरीतच एक माणूस शोधा. भाट्याच्या खाडीत ओहोटीला मुळे, तिसऱ्या काढणाऱ्या बाया दिसतील, खडकावर कालवं फोडणाऱ्याही. त्यांतल्या एखाद्या मावशीला विचारा, त्या दिवशी याल का मुलांबरोबर. त्यांचा बुडालेला दिवसाचा धंदा आणि वर मानधन असे पैसे द्या, साडी-नारळावर भागवू नका. पाणी कुठून मागे वळतं हे त्यांना पायाने कळतं. आणि वाळूत दोन बारीक भोकं बघून "हितं हाय" म्हणत त्या शिंपला उकरून काढतात तेव्हा पुस्तकातल्या मृदुकायांच्या नळ्यांचं प्रात्यक्षिक होऊन जातं. त्यांना "आमच्या गाइड" न म्हणता "आजच्या शिक्षिका" म्हणून ओळख करून द्या, मुलं प्रश्न वेगळे विचारतात.

मालवणच्या पॅकेजचं एवढंच. मालवणचा समुद्र सुंदर आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, कधीतरी स्वतः जरूर जा. पण स्कूबात मूल आपल्या श्वासाकडे बघत असतं, प्राण्यांकडे नाही. डॉल्फिनच्या मागे बोट पळवणं हा अभ्यास नव्हे. आणि टाकीतला तो प्राणी दिवसभरात किती पोरांच्या हातांतून गेला असेल ते मोजा. ज्या पैशांत एक मूल मालवणला जाईल त्यात एसटीने तुमची अख्खी ओळ रत्नागिरीला जाऊन येईल. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं मात्र महिनाभर आधीच हातात असू द्या.

मुंबईतल्या तुमच्या मैत्रिणींनाही हे वाचून दाखवा. तिथल्या काळ्या पाण्यात काय असणार असं त्यांना वाटतं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना शहरातल्याच खडकांवर नेतात, आणि हाजी अलीच्या परिसरात प्रवाळ आहेत.

एक राहिलं. परतताना ६४ पाय ओले असतील, दोन मोजे जास्तीचे आणायला सांगा आणि ओल्या बुटांसाठी चार रिकामी पोती बरोबर घ्या. ड्रायव्हरदादांना पोती आधी दाखवा. माझ्या वेळी त्यांनी वाळू बघून बस अर्धा तास हलवलीच नव्हती.